व्हीआर विटीदांडू: दांडू विटीच्या आरपार जातो, टोला लागतच नाही

व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगात, विटीदांडू बनवणाऱ्या सगळ्यांचं लक्षण सारखंच असतं. हेडसेट घातलाय, समोर लाल मातीचं शिवार, पायाशी गल, म्हणजे छोटी खळगी. विटीच्या टोकावर दांडू टिपला, विटी उडून कमरेएवढी वर आली, दांडू फिरवला. दांडू विटीवरून गेलेला डोळ्यांना स्पष्ट दिसतो. विटी मात्र काही घडलंच नाही अशी खाली पडते. हळू मारलं की लागतं, जोरात मारलं की लागत नाही. कुठली तरी सेटिंग फिरवून एकदाचं जमलं असं वाटतं, तर पुढच्या बिल्डला (खेळाच्या नव्या तयार आवृत्तीला) तीच तक्रार परत दारात उभी.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली जी मुलं-मुली गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक तासांत खेळ बनवायच्या मेळाव्यात, उतरतात, त्यांच्याकडून हीच अडचण माझ्यापर्यंत पुन्हा पुन्हा येते. खेळ कधी क्रिकेट असतो, कधी टेबल टेनिस, कधी विटीदांडू. दुखणं एकच. इथे विटीदांडू धरून लिहितोय, कारण त्यात ते सगळ्यात जास्त जाणवतं: चेंडूपेक्षा विटी बारीक, बॅटपेक्षा दांडू अरुंद, आणि टोला मात्र अंगातल्या सगळ्या ताकदीचा. सुगी झाल्यावर मोकळ्या शिवारात ज्यांनी हा खेळ खेळलाय, त्यांना विटी लागल्याचा तो टणका हातात हवाच असतो. तो नसेल तर शिवार कितीही देखणं रंगवा, माणूस दोन मिनिटांत हेडसेट उतरवून ठेवतो.

जॅम बहुतेक ४८ तासांचा असतो. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस होतो. एवढ्या वेळात नियम समजावत बसायला नको म्हणून ओळखीचा मैदानी खेळ घेणं हा निर्णय उत्तमच. घोळ होतो तो दुसऱ्या रात्री. टोला लागत नाही म्हणून टीम अडकते आणि हाताला येईल ते बटण दाबायला लागते. पुढचं सगळं युनिटी हे गेम इंजिन (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) आणि क्वेस्ट जातीचा हेडसेट धरून लिहिलंय. गोडो हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांना नावं वेगळी दिसतील, गणित तेच.

आधी मोजा, मग हात लावा

काहीही बदलण्याआधी एक आकडा डोळ्यांसमोर आणा: प्रत्येक टोल्यात दांडू आणि विटी एकमेकांच्या जास्तीत जास्त किती जवळ आले होते. हवेत एक साधी पाटी लावा आणि टोला झाला की त्यावर ते अंतर सेंटिमीटरमध्ये दाखवा. हे अंतर फक्त प्रत्येक फ्रेमच्या (पडद्यावर निघणाऱ्या एका चित्राच्या) क्षणी मोजून चालणार नाही. दोन फ्रेमच्या मधला प्रवासही मोजावा लागतो. तो कसा मोजायचा ते पुढे येईलच, कारण दुरुस्तीही त्याच हिशोबाने होते.

आकड्याचा अर्थ असा लावायचा. दांडू आणि विटी यांचे पृष्ठभाग एकमेकांत घुसले होते असं पाटी सांगतेय आणि तरी विटी हलली नाही, तर इंजिनने टक्कर पकडलीच नाही. अंतर पाच-सात सेंटिमीटर येतंय, तर खेळणाऱ्याचा नेम खरोखरच चुकला. त्याला मात्र तो लागल्यासारखा वाटला. आणि आकडा एकदम भलताच येत असेल, एकदा दोन, एकदा साठ, तर हेडसेटला हातातला कंट्रोलर मध्येच दिसेनासा झाला. तिन्ही दुखण्यांना औषध वेगळं. हे न ओळखता लोक थेट विटीचा कोलायडर (टकरीसाठी धरलेला अदृश्य आकार) मोठा करतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कोलायडर एवढा मोठा होतो की दांडू शेजारून गेला तरी विटी उडते, आणि जोराचा टोला तरीही आरपार जातोच.

आरपार का जातो

युनिटीत फिजिक्सची, म्हणजे हालचाल आणि टकरींच्या हिशोबाची, पायरी मुळात ०.०२ सेकंदाची असते, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हिशोब. प्रत्येक पायरीला इंजिन विचारतं: या क्षणी दांडू आणि विटी एकमेकांना टेकलेत का? मधल्या काळात काय झालं ते त्याला दिसत नाही.

आता दांडूचं टोक बघा. मोठ्या माणसाने मनापासून मारलेल्या टोल्यात ते सेकंदाला १५ मीटर सहज जातं. मग दोन हिशोबांच्या मध्ये टोक ३० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. दांडू साधारण ३ सेंटिमीटर जाड, विटीही तेवढीच. म्हणजे टक्कर दिसायला मिळते ती फक्त ६ सेंटिमीटरची फट. तीस सेंटिमीटरच्या ढांगेत ही फट सापडणार पाचात एकदा. बाकी चार टोले हवेत. उलट तोच दांडू सेकंदाला ३ मीटरने फिरवा, ढांग बरोबर ६ सेंटिमीटरची होते आणि एकही टोला सुटत नाही. हळू मारलं की लागतं त्याचं कारण एवढंच. आणि म्हणूनच टेबलाशी बसून, मनगट हलवून केलेली चाचणी नेहमी पास होते.

इथे बहुतेक जण फिक्स्ड टाइमस्टेप, म्हणजे या पायरीची वेळ, कमी करतात. १/७२ केला की ढांग २१ सेंटिमीटरवर येते. फायदा थोडा, भरवसा नाही. मग कुणी तो ०.००५ वर नेतं, फिजिक्स सेकंदाला २०० वेळा चालायला लागतं, आणि तरीही फरक पडत नाही. कारण हाताची नवी जागा फ्रेममागे एकदाच कळते. हेडसेट ७२ हर्ट्झवर चालत असेल तर सेकंदाला ७२ वेळा. मधल्या पायऱ्यांना दांडू जागच्या जागी उभा असतो आणि नवी जागा मिळाली की एका उडीत तिथे पोचतो. पायऱ्या वाढल्या, ढांग तेवढीच राहिली. वर प्रोसेसरवर ताण येऊन फ्रेम पडायला लागतात ते वेगळंच. गोडोत हीच पायरी मुळात सेकंदाला ६० असते, तिथेही हाच पेच.

दुसरी सवय म्हणजे रिजिडबॉडीचं (वस्तूला फिजिक्सशी जोडणाऱ्या घटकाचं) कोलिजन डिटेक्शन, म्हणजे टक्कर शोधायची पद्धत, कंटिन्युअसवर (मधला प्रवासही बघणाऱ्या प्रकारावर) टाकणं. त्यात एक मेख आहे. दांडू हाताला चिकटलेला असतो, म्हणजे तो कायनेमॅटिक: त्याला फिजिक्स नव्हे, आपला कोड हलवतो. कायनेमॅटिक वस्तूंना लागू पडणारा कंटिन्युअसचा प्रकार एकच, कंटिन्युअस स्पेक्युलेटिव्ह. बाकीचे निवडले तरी दांडूला त्यांचा उपयोग नाही. आणि स्पेक्युलेटिव्हही तेव्हाच काम करतो जेव्हा दांडू मूव्हपोझिशन आणि मूव्हरोटेशन या फंक्शनांनी हलवला जातो. एक्सआर इंटरॅक्शन टूलकिट या युनिटीच्या व्हीआर पॅकेजमध्ये पकडायच्या वस्तूचा मूव्हमेंट टाइप इन्स्टंटेनियस असेल, तर दांडूचा ट्रान्सफॉर्म (जागा आणि रोख) थेट उचलून नव्या जागी ठेवला जातो. फिजिक्सच्या दृष्टीने त्या दांडूला वेगच नाही. मग टक्कर सापडली तरी विटी जागच्या जागी गचका खाऊन पडते. तक्रार घेऊन येणाऱ्यांचा मूव्हमेंट टाइप मी सर्वांत आधी बघतो, आणि बहुतेक वेळा तो इन्स्टंटेनियसच निघतो.

डोळ्यांना दिसणारा दांडू आणि फिजिक्सचा दांडू

आणखी एक गोष्ट, जी कळली की अर्धं कोडं सुटतं. ट्रॅक्ड पोज ड्रायव्हर, म्हणजे कंट्रोलरची जागा खेळातल्या हाताला देणारा घटक, मूळ सेटिंगमध्ये हाताची जागा दोनदा घेतो: एकदा अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या मुख्य कोडमध्ये), एकदा चित्र काढण्याच्या अगदी आधी. दुसरी जागा ताजी असते, म्हणून हात अडखळल्यासारखा वाटत नाही. पण फिजिक्सला मिळालेली असते पहिली. जोराच्या टोल्यात या दोन जागांमध्ये काही सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे खेळणारा ज्या दांडूकडे बघतोय तो विटीवर पोचलाय आणि फिजिक्सचा दांडू अजून अलीकडे आहे. “दिसतंय की रे लागलेलं!” असं माणूस ओरडतो तेव्हा तो खरंच बोलत असतो.

माझे एक मामा येळ्ळूरचे. लहानपणी विटीदांडूत त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं असं घरचे सांगतात. जॅमच्या एका बिल्डची चाचणी त्यांच्याकडून करून घेतली. हेडसेट डोक्यावर नीट बसला, दांडू हातात आला, पहिलाच टोला असा फिरवला की बाजूची मंडळी मागे सरली. विटी पायाशी. परत मारला. विटी पायाशी. मामा म्हणाले, “मारतोय मी, लागंना की ही! टणका कुठाय?” बाजूचा त्यांचा एक भाचा म्हणाला, “मामा, जरा हळू मारा की.” त्यावर मामांनी हेडसेट कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे बघून विचारलं, “हळू मारून विटी जातीय काय?”

मामांचं म्हणणं हाच खेळाचा नियम समजा. जोराच्या टोल्याला न्याय मिळत नसेल तर तो खेळ विटीदांडू नव्हे. खेळणाऱ्याला हळू मारायला सांगणं हे उत्तर असूच शकत नाही.

टोला स्वतः मोजा

माझं ठाम मत असं: टोल्याची टक्कर इंजिनवर सोपवूच नका. विटी जमिनीवर घरंगळणं, दगडाला आपटणं, गलीत अडकणं हे सगळं फिजिक्स इंजिन छान करतं. दांडू आणि विटी यांची ती एक गाठ मात्र आपल्या हिशोबाने पकडायची. लिहायला शंभरेक ओळींच्या आत बसतं आणि एकदा बसलं की पुढच्या प्रत्येक बॅटबॉलच्या खेळाला चालतं.

रीत अशी. दांडू म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतची एक रेघ आणि तिच्याभोवती दीड सेंटिमीटरची जाडी. विटी म्हणजे तशीच एक आखूड रेघ, तिलाही तेवढीच जाडी. दर फ्रेमला दांडूची मागची जागा आणि रोख जपून ठेवा, आताची जागा आणि रोख घ्या, आणि मधला प्रवास तुकड्यांत पाडा. तुकडे किती, तर टोकाने कापलेलं अंतर भागिले एक सेंटिमीटर. ७२ हर्ट्झला जोराच्या टोल्यात साधारण वीस-एकवीस तुकडे पडतात. वर चाळीसची मर्यादा घाला. प्रत्येक तुकड्याला दोन रेघांमधलं कमीत कमी अंतर काढा. ते दोन्ही जाड्यांच्या बेरजेपेक्षा कमी झालं की टोला लागला. हा हिशोब इतका हलका आहे की हेडसेटच्या प्रोसेसरला त्याची जाणीवही होत नाही.

दोन ठिकाणी नीट लक्ष द्या. एक, तुकडे पाडताना दांडूचा रोख स्लर्पने (दोन रोखांमध्ये कमानीने फिरवणाऱ्या फंक्शनने) फिरवा, टोकाच्या दोन जागा सरळ रेषेने जोडू नका. टोक कमानीत फिरतं. सेकंदाला २० रेडियनने फिरणारा दांडू ७२ हर्ट्झला एका फ्रेममध्ये जवळपास १६ अंश वळतो. पाऊण मीटरच्या आसपासच्या त्रिज्येवर कमान आणि सरळ रेघ यांच्यात सुमारे पाऊण सेंटिमीटरचं अंतर पडतं. तीन सेंटिमीटरच्या विटीला ते फार झालं. विटीच्या टोकाजवळचे टोले नेमके त्यात सुटतात. दोन, विटीही त्याच वेळी हलत असते, तिचाही मधला प्रवास त्याच तुकड्यांत पाडा. यासाठी सोपी सोय म्हणजे विटी उडाल्यापासून टोला लागेपर्यंत किंवा जमिनीला टेकेपर्यंत फिजिक्सकडे न देता अपडेटमध्ये आपणच हलवायची. वर जाण्याचा वेग आणि गुरुत्वाकर्षण, एवढंच तर गणित आहे. टोला लागला की योग्य वेग देऊन ती फिजिक्सच्या हवाली करा.

हे सगळं चालवायचं त्याच जागेवर जी डोळ्यांना दिसते. ट्रॅक्ड पोज ड्रायव्हर दोन्ही वेळी चालू असेल तर हिशोब ऑनबिफोररेंडरच्या, म्हणजे चित्र काढण्याआधीच्या, वेळी, ताजी जागा मिळाल्यावर करा. मग दिसलं एक आणि झालं दुसरं हा प्रकार उरत नाही.

विटीला वेग किती द्यायचा? ज्या बिंदूवर टोला लागला, दांडूवरचा तोच बिंदू आधीच्या तुकड्यात कुठे होता ते तुमच्याकडे आहेच. दोन्हींमधलं अंतर भागिले तेवढा वेळ, हा त्या बिंदूचा वेग. मुठीजवळ लागला तर कमी, टोकाजवळ लागला तर जास्त, आपोआप. त्यातून विटीचा वेग वजा करा, टकरीच्या लंब दिशेतला भाग घ्या, त्याला एक अधिक उसळी यांनी गुणा आणि तो विटीच्या मूळ वेगात मिळवा. उसळी ०.५ पासून सुरू करून हाताला पटेपर्यंत बदला. या हिशोबात दांडूपुढे विटीचं वजन नगण्य धरलंय, खेळापुरतं तेवढं पुरतं.

कंट्रोलरने सांगितलेला वेग थेट वापरायचा असेल तर एक सांभाळा: तो ट्रॅकिंगच्या मोजपट्टीत असतो, जगाच्या नव्हे. खेळणाऱ्याने स्टिकने वळण घेतलं की एक्सआर ओरिजिन (ट्रॅकिंगच्या मोजपट्टीचा मूळबिंदू) फिरतं आणि विटी भलत्याच दिशेला जाते. “सुरुवातीला नीट जाते, वळल्यावर आडवी जाते” ही तक्रार आली की हेच समजावं. वेगाची दिशा ओरिजिनच्या ट्रान्सफॉर्ममधून फिरवून घ्या.

एकाच टोल्याला दोनदा लागणं, आणि दुसरा टोला गिळला जाणं

हिशोब लागू केल्यावर नवा त्रास दिसतो: एका टोल्यात विटी दोनदा उडते, कारण पुढच्या फ्रेमलाही दांडू तिच्या जवळच असतो. लोक यावर विश्रांतीचा काळ टाकतात, टोला लागल्यावर अर्धा सेकंद दुसरा धरायचा नाही. क्रिकेटला ते चालून जातं. विटीदांडूत मात्र यानेच खेळ मोडतो. आपल्याकडे टोला दोन पायऱ्यांचा: आधी टोकावर टिपून विटी उडवायची, मग हवेत मारायची. विटी ६० सेंटिमीटर वर जायला ०.३५ सेकंद लागतात, खाली यायला तेवढेच. चांगला खेळाडू ती वर जात असतानाच मारतो. अर्धा सेकंद डोळे मिटून बसलेला खेळ त्याचा टोला गिळून टाकतो, आणि आरपार गेल्याची जुनी तक्रार नव्या कारणाने परत येते. घड्याळ लावू नका. टिपणं आणि टोला या दोन वेगळ्या अवस्था ठेवा, आणि एका अवस्थेत दांडू एकदा लागला की तो विटीपासून पाच-सहा सेंटिमीटर दूर जाईपर्यंत पुन्हा धरू नका.

टिपण्यासाठी तर टकरीचा हिशोबही नको. विटीच्या टोकाभोवती एक छोटी अदृश्य पेटी ठेवा. दांडूचं टोक वरून खाली एका ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने त्यात आलं की विटी उडवा. गलीवर आडवी ठेवलेली विटी कोलण्यासाठीही हीच युक्ती, फक्त दिशा खालून वर. दांडू जमिनीत घुसतो का, याची चिंता करू नका. खऱ्या हाताला मातीचा अडसर नसतो, तो घुसणारच.

विटी हवेत गिरक्या घेत नसेल, आळसावल्यासारखी वळत असेल, तर कोनीय वेगाची कमाल मर्यादा बघा. रिजिडबॉडीची ती मर्यादा युनिटीच्या बऱ्याच आवृत्त्यांत ७ रेडियन प्रति सेकंद असते, म्हणजे सेकंदाला एका गिरकीहून थोडंच जास्त. खरी विटी भिरभिरत जाते. मर्यादा ५० करा, चित्र लगेच बदलतं.

कंट्रोलरच दिसेनासा झाला तर

क्वेस्ट २ आणि ३ च्या कंट्रोलरवर इन्फ्रारेड दिवे असतात आणि हेडसेटचे कॅमेरे ते बघून हाताची जागा ठरवतात. हात पाठीमागे गेला की दिवे दिसत नाहीत. मग थोडा वेळ कंट्रोलरमधल्या हालचालीच्या सेन्सरवर अंदाज चालतो आणि हात परत समोर आला की जागा एकदम उडी मारते. विटीदांडूचा टोला खांद्यामागून किंवा मांडीच्या बाजूने सुरू होतो, म्हणजे नेमका आंधळ्या जागेतून. ती उडी विटीवरून गेली तर न मारलेला टोला लागतो, आणि उडी विटीच्या पलीकडे संपली तर मारलेला टोला सुटतो.

कोडमध्ये एवढं करा: कंट्रोलर ट्रॅक होत नाही असं सिस्टिम सांगत असेल किंवा मूठ एका फ्रेममध्ये ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल, तर त्या फ्रेमचा प्रवास मोजू नका. त्याहून मोठा फरक पडतो तो मांडणीने. विटी खेळणाऱ्याच्या पायाशी न ठेवता हातभर पुढे ठेवा आणि जमिनीवर पावलांचे ठसे काढा. उभं कसं राहायचं ते शब्दांत सांगावं लागत नाही, आणि टोला कॅमेऱ्यांच्या नजरेत होतो.

जागा कुठली निवडता यालाही महत्त्व आहे. दिवसा गच्चीवर खेळू नका. उन्हातल्या इन्फ्रारेडमुळे ट्रॅकिंग बिघडतं, आणि हेडसेट काढून उलटा ठेवला तर भिंगांतून गेलेलं ऊन आतला पडदा कायमचा जाळतं. मोठे आरसे असलेली खोली टाळा. कोऱ्या पांढऱ्या भिंतींच्या रिकाम्या हॉलमध्ये कॅमेऱ्यांना धरायला खूण सापडत नाही. आपल्याकडच्या चिऱ्याच्या उघड्या भिंती या कामाला फार चांगल्या, त्यांच्या खाचखळग्यांत खुणाच खुणा असतात. ट्यूबलाइटखाली हात थरथरताना दिसला तर हेडसेटच्या सेटिंगमधली ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आणि पावसाळ्यातला जॅम असेल तर इन्व्हर्टरवरचा एकटा मिणमिणता बल्ब पुरणार नाही हे धरून चाला. लाईट गेल्यावर ट्रॅकिंगवरून कोडमध्ये दोष शोधायला बसू नका.

नेम खरंच चुकत असेल तर

पाटीवर पाच-सात सेंटिमीटर येत असतील, तर खेळणाऱ्याला मदत द्या. हेडसेटमध्ये खोलीचा अंदाज मैदानाइतका पक्का बसत नाही आणि हातात दांडूचं वजनही नसतं. दांडूचा वेग सेकंदाला ५ मीटरच्या वर असेल तेव्हाच विटीची जाडी हिशोबात दोन-तीन सेंटिमीटरने वाढवा. हळू हलवताना वाढवलीत तर नुसता जवळ नेलेला दांडूही चिकटायला लागतो. विटी वर जात असताना गुरुत्वाकर्षण थोडं कमी केलं तरी चालतं. ते कुणाला कळत नाही, टोला मात्र सापडतो.

टणका हा आवाज आणि कंप मिळून होतो, आणि दोन्ही टकरीच्या त्याच फ्रेमला सुरू झाले पाहिजेत. आवाज उशिरा आला तर लागलेला टोलाही पोकळ वाटतो. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ऑडिओचा डीएसपी बफर बेस्ट लेटन्सीवर (आवाज कमीत कमी उशिराने येईल असा) ठेवा, आवाजाची फाइल आधीच मेमरीत चढवा, आणि तिच्या सुरुवातीची शांतता कापून टाका. कंप छोटा आणि खणखणीत ठेवा, टोल्याच्या वेगाप्रमाणे कमीजास्त. आवाज खऱ्या विटीचाच रेकॉर्ड करा. बाभळीच्या दांडूचा जो आवाज येतो तो तयार संग्रहात शोधून सापडत नाही.

जाता जाता, वकट, लेंड, मुंड असा डाव पाटीवर लिहिणार असाल किंवा मेनू मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवणार असाल, तर टेक्स्टमेशप्रोमध्ये (युनिटीच्या अक्षरं दाखवणाऱ्या घटकात) जोडाक्षरं आणि वेलांट्या मोडतात. जॅममध्ये त्याच्या मागे लागू नका. शब्द चित्र म्हणून तयार करा आणि लावा.

परत येऊ नये म्हणून

हे दुखणं परत येण्याचं मुख्य कारण म्हणजे प्रत्येक वेळी टोला नव्याने मारून बघितला जातो. कोणी हळू मारतं, कोणी थकलेलं असतं, आणि “आता लागतंय” असं ठरवून सगळे पुढे जातात. त्याऐवजी एका चांगल्या खेळाडूचे टोले एकदा रेकॉर्ड करा: वेळ, कंट्रोलरची जागा, रोख, ट्रॅक होतोय की नाही. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मावतं. मग एडिटरमध्ये तीच फाइल चालवा, ३६, ७२, ९० अशा वेगवेगळ्या फ्रेमदरांना. तिन्हींमध्ये तेच टोले लागले पाहिजेत. मामांचे टोले असेच एका फाइलमध्ये आहेत, आणि कोडमध्ये कोणीही काहीही बदललं की आधी ते चालतात, मग बिल्ड होतं.

३६ मुद्दाम लिहिलंय. ॲप्लिकेशन स्पेसवॉर्प (मधल्या फ्रेम अंदाजाने भरणारी क्वेस्टची सोय) चालू केलं की ७२ हर्ट्झच्या हेडसेटवरही खेळ स्वतः सेकंदाला ३६ च फ्रेम काढतो, म्हणजे ढांग दुप्पट. हेडसेट तापून मंद झाला तरी फ्रेम पडतात. केबलने कॉम्प्युटरला जोडून सुरळीत चाललेला खेळ हेडसेटवर एकटा चालवल्यावर टोले सोडायला लागतो त्यामागे बहुतेक हेच असतं. ७२ हर्ट्झला एका फ्रेमसाठी १३.९ मिलिसेकंद मिळतात. शिवारातली सावली आधीच बेक करा (काढून ठेवा), पोस्ट-प्रोसेसिंग (चित्रावरचे शेवटचे इफेक्ट) बंद ठेवा, गवताची पाती मोजकीच लावा. तुकड्यांचा हिशोब बसवलेला असेल तर फ्रेम पडली तरी टोला सुटत नाही, फक्त चित्र अडखळतं.

सबमिट करण्याआधी अंतराची पाटी लपवा, पण कोडमधून काढू नका. पुढच्या जॅमला तीच लागते. खेळाच्या पहिल्या पडद्यावर कंट्रोलरचा पट्टा मनगटात घालायची सूचना ठेवा आणि मोकळी जागा किमान २ बाय २ मीटर मागा. टोला जोराचा मारता यावा म्हणून एवढी खटपट केली आहे, तर तो मारताना हात कपाटाला लागू नये.